रेडी रेकनरच्या खाली फ्लॅट विकता येतो का?

‘रेडी रेकनरपेक्षा कमी भावात फ्लॅट विकणं बेकायदा आहे, रजिस्ट्रेशनच होत नाही.’ अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत हा समज घट्ट बसला आहे, आणि तो चुकीचा आहे. आपली वस्तू कितीला विकायची हे ठरवायला मालक मोकळा आहे. भारतीय करार कायद्याच्या 25व्या कलमात तर हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकण्याचं उदाहरणच दिलं आहे: संमती खुशीची असेल तर करार वैध. किंमत कमी म्हणून दुय्यम निबंधक दस्त नाकारत नाही. मुद्रांक शुल्क मात्र करारातली किंमत आणि रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे निघणारं बाजारमूल्य यांत जे जास्त, त्यावर भरावं लागतं.

खरी झळ आयकरात बसते. समजा, मुलुंडमधल्या एका फ्लॅटचं रेकनरप्रमाणे मूल्य 1 कोटी 30 लाख निघतं. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, छत गळतं. मालकाला खरोखर 1 कोटीच मिळाले. 1 टक्का मेट्रो अधिभार धरून 6 टक्क्यांनी शुल्क होतं 7 लाख 80 हजार. विकणाऱ्याचा भांडवली नफा मोजताना त्याला 1 कोटी 30 लाख मिळाले असंच धरतात. घेणाऱ्याच्या उत्पन्नात वरचे 30 लाख मिळवतात. म्हणजे एकाच तफावतीवर दोघांना कर. हाच सौदा 1 कोटी 20 लाखांना झाला असता तर या वाढीव आयकरातून दोघेही सुटले असते, कारण 10 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

हे अन्यायाचं वाटतं, आणि कधीकधी ते असतंही. 1981 साली के. पी. वर्गीस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली होती. वर्गीस यांनी 16,500 रुपयांना घेतलेलं एर्नाकुलमचं घर त्याच किमतीला सून आणि मुलांना विकलं होतं. आयकर खात्याच्या मते ते 65,000चं होतं. जास्तीचे पैसे खरोखर घेतल्याचं दाखवल्याशिवाय कर लावता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. पण काळ्या पैशाचे व्यवहार थांबेनात, आणि 2003पासून रेकनरचं मूल्यच विक्रीची किंमत धरणारं कलम 50सी लागू झालं. 2025च्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलला, तरतूद राहिली.

तरीही ‘काही इलाज नाही’ म्हणून गप्प बसू नये. रेकनरमध्ये इमारतीच्या वयाचा घसारा धरतात, पण तुमच्या छताची गळती त्यात कुठेच येत नाही. आकारणीच्या वेळी विकणारा प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवायला सांगू शकतो. त्याने मूल्य कमी ठरवलं तर तेच धरतात. म्हणून गळतीचे फोटो, सोसायटीची पत्रं, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सौदा होतानाच जपून ठेवा.

‘घरच्यांना विकलं तर हे नियम लागत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. सख्ख्या भावाने स्वस्तात घेतलं तर त्याला कर नाही. विकणाऱ्याला मात्र सूट नाही. नात्याची व्याख्याही नीट पाहावी लागते. काकाकडून पुतण्याने घेतलं तर पुतण्या सुटतो, पुतण्याकडून काकाने घेतलं तर काका सुटत नाही. चुलतभाऊ यादीतच नाही. द्यायचंच असेल तर बक्षीसपत्र बरं: बक्षिसावर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडांना दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिभार आणि नोंदणी फी वेगळी.

‘करारात कमी दाखवू, बाकीचे रोख घेऊ’ ही गोष्टच निराळी. ती लबाडी आहे. घर विकताना 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तितकाच दंड होऊ शकतो.

हे झालं घराचं. जुनी गाडी, कपाट, फ्रिज मित्राला नाममात्र किमतीत द्या, कुणी विचारणार नाही. दागिने, सोनं, शेअर, चित्रं मात्र घेणाऱ्याच्या कराच्या जाळ्यात येतात.

सगळ्यात कमी बोललं जातं ते संमतीबद्दल. किंमत फारच कमी असेल तर संमती दबावाखाली दिली का, हे पाहताना न्यायालय ती किंमतही विचारात घेऊ शकतं. सावकारांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण तर त्यांच्या दाव्यावरून रद्द होऊ शकतं. आजारी आईचं घर स्वस्तात नावावर करून घेणाऱ्या मुलाने तिला आधी स्वतंत्र वकील द्यावा आणि पैसे तिच्याच खात्यात भरावेत.