बालीचे जेवण : घरातले आणि सणाचे

इंडोनेशियातील बाली बेटावर उतरलेला प्रवासी पहिल्याच दिवशी ज्या पदार्थांची चव घेतो, ते बहुतेक मुळात सणासमारंभाचे आहेत. त्यामुळे रोजच्या बाली जेवणाविषयी त्याचा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. घरोघरी भात, शेंगांची भाजी किंवा पालेभाजी, थोडी मासळी अथवा टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि 'सांबल' हे मिरचीचे झणझणीत तोंडीलावणे, असा स्वयंपाक सकाळी एकदाच करून झाकून ठेवतात, आणि ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो आपले वाढून घेऊन, बहुधा एकट्यानेच व फारसे न बोलता जेवतो. मात्र त्याआधी केळीच्या पानाच्या लहान तुकड्यांवर चिमूट-चिमूट भात ठेवून ते चुलीपाशी, पाण्याच्या जागी, देवस्थानात आणि अंगणात मांडले जातात. 'मसाइबान' नावाच्या या विधीमागे पंचयज्ञांची कल्पना असल्याने मराठी वाचकाला वैश्वदेव आठवल्यावाचून राहणार नाही.

सणाचा स्वयंपाक याच्या अगदी उलट, म्हणजे सामुदायिक असतो आणि तो मुख्यतः पुरुष करतात. दर 210 दिवसांनी येणाऱ्या गालुंगान सणाच्या आदल्या दिवशी डुकरे कापली जातात आणि पुरुषमंडळी ओळीने बसून मांस, भाज्या व मसाले बारीक चिरू लागतात. या कामाला 'मबात' म्हणतात. त्यातून तयार होणारा 'लावार' म्हणजे चिरलेल्या भाज्या, खोबरे, मांस आणि पुष्कळदा ताजे रक्त यांचे मिश्रण. तो टिकत नाही, म्हणून त्याच दिवशी संपवावा लागतो. सणाच्या या सर्व पदार्थांचा पाया 'बासे गनेप' हे वाटण असून त्यात छोटे कांदे, लसूण, आले, हळद, गलंगल, मिरच्या, धणे, मिरी आदी जिन्नस पडतात. हेच वाटण पोटात भरून सबंध डुक्कर निखाऱ्यावर फिरवत भाजले की 'बाबी गुलिंग' होते, आणि बदक त्यात माखून, पानांत गुंडाळून कित्येक तास मंद धगीवर ठेवले की 'बतुतु'.

पूर्व बालीतील कारांगासम भागात सणाच्या वेळी 'मगिबुंग' ही प्रथा आजही आढळते, तीत साधारण आठ जण भाताच्या एकाच राशीभोवती बसून उजव्या हाताने जेवतात, हातातून सांडलेले शीत परत राशीत टाकत नाहीत आणि मंडळातील सर्वांचे होईपर्यंत उठत नाहीत. एकट्याने जेवणाऱ्या समाजाने अशी शिस्त सणापुरती का होईना जपावी, हे लक्षणीय आहे.

प्रवाशाने 'वारुंग' म्हणजे छोट्या खाणावळीत जाऊन 'नासी चांपुर' मागवावे. भाताभोवती थोड्या-थोड्या अनेक गोष्टी वाढलेले हे ताट रोजच्या चवीच्या सर्वांत जवळचे आहे. बाबी गुलिंग खायचे असल्यास सकाळीच जावे, कारण नावाजलेल्या ठिकाणी ते दुपारपर्यंत संपते. शाकाहाऱ्याने केवळ मांस नको एवढे सांगून भागत नाही, कारण सांबलात आणि भाज्यांतही 'तरासी' म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा मिसळलेला असू शकतो; म्हणून 'तान्पा तरासी', म्हणजे तरासीशिवाय, हे शब्द पाठ असलेले बरे.