तपकिरी ढगाचा माग

अण्णामलै विद्यापीठातून १९६५ साली अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या वीरभद्रन रामनाथन यांना पुढे नोकरी मिळाली ती सिकंदराबादच्या एका शीतयंत्रांच्या कारखान्यात. फ्रिजमध्ये भरलेला वायू टिकत का नाही, तो नेमका कुठून गळतो, हे शोधायचे काम त्यांच्याकडे होते. हा वायू म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन. तो पेट घेत नाही, विषारी नाही, कशाशी सहज संयोगही पावत नाही. त्यामुळे घरात ठेवायला अगदी निर्धोक. गळालाच तर पुन्हा भरण्याचा खर्च तेवढा वाढायचा. गळालेला वायू पुढे जातो कुठे, याची काळजी करण्याचे कारण तेव्हा कुणाला दिसत नव्हते. दहा वर्षांनी या प्रश्नाचे एक मोठे उत्तर याच तरुणाने दिले.

रामनाथन यांचे बालपण तमिळ माध्यमाच्या शाळेत गेले. ते अकरा वर्षांचे असताना कुटुंब बंगळुरूला आले आणि मुलगा एकदम इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसला. शिक्षक काय बोलतात तेच कळेना; वरचा नंबर घसरून तळाला गेला. शिकवलेले ऐकून घेण्याऐवजी प्रत्येक गोष्ट स्वतःच सोडवून पाहायची सवय त्या दिवसांत लागली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. कारखान्यानंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून त्यांनी १९७० मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली आणि न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथे ते रॉबर्ट सेस यांच्याकडे संशोधनासाठी दाखल झाले. गेले होते अभियांत्रिकीसाठी; पण सेस यांनी तोवर आपला विषय बदलून ग्रहांची वातावरणे अभ्यासायला घेतली होती. त्यामुळे रामनाथन यांच्या वाट्याला शुक्र आणि मंगळ आले. उष्णतेचे किरण कोणता वायू शोषतो, किती शोषतो, कोणत्या उंचीवर शोषतो, याचे गणित त्यांचा हात धरून शिकवले ते या दोन परक्या ग्रहांनी. १९७४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्याच वर्षी मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे ओझोनचा थर विरतो, असे दाखवले. रामनाथन यांनी याच वायूकडे वेगळ्या बाजूने पाहिले. तापलेली जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात सोडते. त्यातला बराचसा भाग पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात. मात्र आठ ते बारा मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात या दोघांचाही अडसर फारसा नसतो. वातावरणशास्त्रात या पट्ट्याला 'खिडकी' म्हणतात. क्लोरोफ्लुरोकार्बन नेमका या खिडकीवर पडदा लावतो. १९७५ च्या 'सायन्स'मधील निबंधात रामनाथन यांनी हिशेब मांडला: या वायूचा एक रेणू उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार रेणूंना भारी पडतो. हरितगृह परिणाम म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइड, हे समीकरण इथे मोडले. १९८५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मिथेन, नायट्रस ऑक्साइड वगैरे बाकीच्या वायूंची बेरीज केली, तेव्हा त्या सर्वांचा मिळून वाटा कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास जाऊ लागल्याचे दिसले. दोन वर्षांनी क्लोरोफ्लुरोकार्बनवर बंधने घालणारा मॉन्ट्रिऑल करार झाला. तो ओझोनसाठी होता, पण त्याने तापमानवाढीचाही मोठा हिस्सा रोखून धरला.

याच काळातले त्यांचे एक भाकीतही नोंदवण्याजोगे आहे. रोलंड मॅडन यांच्यासह १९८० मध्ये लिहिलेल्या निबंधात, माणसामुळे होणारी तापमानवाढ सन २००० च्या सुमारास नैसर्गिक चढउतारांतून वेगळी ओळखू येईल, असे म्हटले होते. ते खरे ठरले. पुढे उपग्रहांच्या मोजमापांवरून ढग एकंदरीत पृथ्वीला थंड ठेवतात हेही त्यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवले. इथपर्यंतचे सारे काम अख्ख्या पृथ्वीचे होते. सॅन दिएगोच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत १९९० मध्ये आल्यानंतर मात्र त्यांचे लक्ष हळूहळू एका प्रदेशावर खिळले, आणि तो प्रदेश होता हिंदी महासागर व दक्षिण आशिया.

हा महासागर निवडण्यामागे चांगले कारण होते. जानेवारी ते मार्च या महिन्यांत वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. भारतीय उपखंडावरची हवा त्यांच्याबरोबर दक्षिणेला जाते आणि विषुववृत्ताच्या पलीकडे दक्षिण गोलार्धातल्या स्वच्छ हवेला भिडते. एका बाजूला माणसाने मळवलेली हवा आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ अस्पर्श हवा, अशी निसर्गाने आयती मांडून दिलेली प्रयोगशाळा पृथ्वीवर फार ठिकाणी सापडत नाही. रामनाथन आणि नोबेलविजेते पॉल क्रुत्झन यांच्या पुढाकाराने 'इंडोएक्स' ही मोहीम उभी राहिली. भारताकडून ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ अ. प्र. मित्र तिच्यात अग्रभागी होते. १९९९ च्या पहिल्या तीन महिन्यांत विमाने, उपग्रह, मालदीवमधील काशिधू बेटावरची वेधशाळा आणि 'सागर कन्या'सारखी संशोधन जहाजे एकाच वेळी एकाच हवेची मोजणी करत होती.

किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, जिथे निळे आकाश अपेक्षित होते, तिथे तपकिरी धुरके आढळले. समुद्रसपाटीपासून साधारण तीन किलोमीटर उंचीपर्यंत ते पसरलेले होते. त्यात सल्फेट होते, नायट्रेट होते, धूळ होती. आणि होती काजळी. लाकूड, गोवऱ्या, शेतातला काडीकचरा, डिझेल, कोळसा यांचे अर्धवट ज्वलन झाले की जी उरते ती. सल्फेटचे कण फिकट असतात, ते ऊन परतवतात. काजळी काळी, ती ऊन पिते. दोन्ही एकत्र आले की वातावरणाच्या माथ्यावर मोजले तर फारसा फरक दिसत नाही, आणि म्हणूनच हा परिणाम इतकी वर्षे नजरेतून सुटला होता. माथ्याखाली मात्र मोठी उलथापालथ असते. उत्तर हिंदी महासागराच्या पृष्ठभागावर पोहोचणारी सूर्याची ऊर्जा त्या तीन महिन्यांत दर चौरस मीटरला सरासरी सुमारे २० वॅटने घटली होती, आणि जवळजवळ तेवढीच ऊर्जा मधल्या हवेत अडकून तिला तापवत होती.

पावसाच्या दृष्टीने ही उलथापालथ गंभीर आहे. समुद्राला ऊन कमी मिळाले की बाष्पीभवन मंदावते. शिवाय पाऊस पडायचा तर खालची ऊबदार, दमट हवा वर चढावी लागते. खालचा थर निवलेला आणि वरचा तापलेला असेल तर हवा चढत नाही, ढग उभे राहत नाहीत. रामनाथन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे कणांचे जलचक्राशी असलेले नाते सविस्तर मांडले. प्रादेशिक हवामानबदलाचा खरा गाभा इथे आहे. कार्बन डायऑक्साइड कुठूनही सुटला तरी शतकानुशतके टिकून साऱ्या जगभर मिसळतो. काजळी आठवड्याभरात खाली बसते, त्यामुळे जिथे धूर तिथेच त्याचा फटका.

पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या धुरक्यावर, म्हणजे 'आशियाई तपकिरी ढगा'वर, अहवाल काढला आणि भारतात वाद पेटला. काही आक्षेप राजकीय होते: शतकभर कोळसा जाळणारे देश बाजूला राहून गरिबाच्या चुलीकडे बोट दाखवले जात आहे, असे अनेकांना वाटले, आणि ही भावना अगदीच निराधार नव्हती. पण सर्वांत वजनदार आक्षेप शास्त्रीय होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी 'करंट सायन्स'मध्ये या अहवालाची चिकित्सा केली. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या गाडगीळ यांनी सारे आयुष्य मोसमी पावसाच्या अभ्यासाला वाहिले होते. धुरके दाटते ते हिवाळ्यात आणि मान्सून येतो जूनमध्ये. तेव्हा हिवाळ्यातल्या मोजमापांवरून पावसाळ्याविषयी इतके ठाम निष्कर्ष कसे काढता येतील, हा त्यातला कळीचा मुद्दा. पुढे 'आशियाई' हा शब्द गळाला आणि 'वातावरणीय तपकिरी ढग' हे नाव रूढ झाले, कारण असे ढग इतर खंडांवरही आहेत. शास्त्र पुढे सरकते ते अशा कसोशीच्या विरोधामुळे, आणि हा विरोध रामनाथन यांच्या कामालाही उपकारक ठरला असे म्हणता येईल.

त्यांचे उत्तर २००५ मध्ये आले. १९३० पासूनच्या सात दशकांचे संगणकीय प्रारूप चालवून त्यांच्या गटाने असे मांडले की, ढगाच्या सावलीमुळे उत्तर हिंदी महासागर दक्षिणेच्या मानाने कमी तापतो, उत्तर-दक्षिण तापमानातला फरक बदलतो आणि त्यामुळे मान्सूनचे अभिसरण मंदावते. म्हणजे हिवाळ्यातला परिणाम समुद्राच्या आठवणीत साठून राहतो. तरीही प्रश्न मिटला नाही. विल्यम लाऊ यांनी २००६ मध्ये याच्या उलट कल्पना मांडली: तिबेटच्या उतारांवर साचलेली धूळ आणि काजळी मे-जूनमध्ये वरची हवा तापवून पावसाला उलट लवकर ओढून आणते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेल्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. घट ठळक दिसली ती गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात. कणांचा वाटा त्यात मोठा मानला जातो, पण हिंदी महासागराचे तापणे हेही एक कारण आहे, असे याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांचे संशोधन सांगते.

ढग हवेला खरेच किती तापवतो, हे अंदाजाने न सांगता मोजून दाखवायला रामनाथन यांनी मार्च २००६ मध्ये एक सुरेख प्रयोग केला. मालदीवच्या हनिमाधू बेटावरून तीन छोटी मानवरहित विमाने उडवली: एक धुरक्याच्या खाली, एक आत, एक वर. तिन्ही एकाच उभ्या रेषेत, एकाच वेळी. खालचे ऊन वरच्या उन्हातून वजा केले की मधल्या थराने किती गिळले ते थेट हाती येते. या ढगामुळे खालच्या वातावरणातील उन्हाचे शोषण सुमारे ५० टक्क्यांनी वाढते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. हिमालयाच्या उंचीवरच्या हवेला तापवण्यात या ढगांचा वाटा हरितगृह वायूंच्या तोडीचा असू शकतो, हेही त्यातून पुढे आले. हिमनद्यांवर बसणारी काजळी बर्फाला काळवंडून वितळवते, ती गोष्ट वेगळीच.

काजळी लवकर खाली बसते, याची दुसरी बाजू आशेची आहे. धूर थांबवला तर आकाश काही आठवड्यांत निवळते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हे शक्य नाही. काजळी आणि मिथेन आवरल्यास २०५० पर्यंत सुमारे अर्धा अंश तापमानवाढ टाळता येईल, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०११ च्या मूल्यमापनात दिसले. रामनाथन त्याच्या प्रमुखांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी सहा देशांनी या प्रदूषकांविरुद्ध आंतरराष्ट्रीय आघाडी उभारली. सल्फेट मात्र आकाशातून गेले की त्यांनी झाकून ठेवलेली उष्णता उघडी पडते. म्हणून स्वच्छ हवेबरोबर कार्बन डायऑक्साइडही कमी करावाच लागतो, हे रामनाथन सतत सांगत आले.

लहानपणी गावी आजीला चुलीपुढे खोकताना त्यांनी पाहिले होते. त्या चुलीपाशी ते २००९ च्या सुमारास 'प्रोजेक्ट सूर्य'मधून परतले. उत्तर प्रदेशातील एका खेड्यात कमी धुराच्या चुली देऊन हवेतला फरक मोजायचा, अशी ही योजना. मोजमापाची रीत साधी होती. स्वयंपाकघरातली हवा एका छोट्या पंपाने पांढऱ्या गाळणकागदातून ओढायची. पोळ्या होईपर्यंत कागदावर करड्या रंगाचा गोल डाग उमटतो. धूर जास्त तर डाग जास्त काळा. त्याचा फोटो मोबाइलवर काढून पाठवला की रंगाच्या गडदपणावरून काजळीचे प्रमाण काढता येते. रामनाथन यांची कन्या निथ्या यांनी ही यंत्रणा विकसित करण्यात पुढाकार घेतला.

खरी अडचण चूल बदलण्यात होती. नवी चूल घरात आली तरी जुनी विझत नाही: मोठे भांडे तिच्यावरच बसते, भाकरी तिच्यावरच नीट भाजते, सरपण फुकट मिळते, आणि नवी बिघडली तर दुरुस्त कोण करणार? त्यामुळे पुढच्या टप्प्यात भारतातील ग्रामीण घरांमध्ये १७ महिने चाललेल्या अभ्यासात चुलींवर बिनतारी संवेदक बसवले गेले. नवी चूल किती वेळ पेटली याची नोंद संवेदक ठेवी, त्यावरून वाचलेल्या प्रदूषणाचा हिशेब होई आणि त्याचा मोबदला चूल वापरणाऱ्या बाईला मिळे.