नऊ मायक्रॉनचा सांधा

मालेगाव म्हटलं की यंत्रमाग, आणि यंत्रमागांवर पुष्कळ लिहून झालेलं आहे. म्हणून संपादकांनी या वेळी वेगळंच काम दिलं: मागवाल्यांच्या गल्ल्यांमध्ये इंटरनेट कुणाच्या जिवावर चालतं ते बघून या. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती चौकाचौकात लागलेल्या असतात. गल्लीत या खांबावरून त्या खांबावर गेलेली काळी केबल मात्र बऱ्याचदा गावातल्याच एखाद्या जुन्या केबलवाल्याची निघते. अशाच एकाच्या कार्यालयात मी जाऊन बसलो.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. आधी व्हिडिओ पार्लर आली. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटातले नासिर शेख त्याच दुनियेतून पुढे आले. मग घराघरात केबल टीव्ही गेला. पुढे सरकारने केबलचं डिजिटायझेशन सक्तीचं केलं आणि ३१ मार्च २०१७ ला त्याचा शेवटचा टप्पा संपला. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि लोक मोबाइलवरच सिनेमे बघू लागले. केबलवाल्यांकडे दोन गोष्टी शिल्लक होत्या, गल्लीतली ओळख आणि खांबावरची वाट. त्यांनी त्याच वाटेवर फायबर ओढली.

कार्यालयाच्या मागच्या खोलीत ओएलटी, म्हणजे फायबरमधून घरांकडे प्रकाश पाठवणारा यंत्रसंच, ठेवलेला असतो. उंचीने जेमतेम वहीएवढा, लोखंडी कपाटात बसवलेला, पंखे घरघरत असलेला. त्याच्या एका पोर्टमधून निघालेला प्रकाश वाटेत काचेच्या स्प्लिटरने वाटला जातो, आधी आठ जणांत आणि पुढे त्या प्रत्येकातून पुन्हा आठ जणांत. म्हणजे एका पोर्टवर ६४ घरं. जीपॉन नावाच्या या पद्धतीत ओएलटीकडून घराकडे सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट जातात, घराकडून परत सव्वा गिगाबिट. जाणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, येणारा १३१० चा, दोन्ही एकाच काचेतून. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे खांबावर बिघडण्यासारखं यंत्रच उरत नाही. कल्पना म्हणून मला हे फार देखणं वाटतं.

मागवाल्यांना फायबर सोयीची का, हेही तिथेच कळलं. मागांच्या मोटारी चालू-बंद होताना तांब्याच्या तारेत विजेचा गोंगाट शिरतो. पावसाळ्यात लांब वीज पडली तरी तीच तार तिचा धक्का उपकरणापर्यंत पोचवते. काचेत यातलं काही शिरत नाही. कारखान्याच्या टोकाला बसवलेला कॅमेरा, कापडाच्या गाठी निघताना करायचं ई-वे बिल, भिवंडीच्या व्यापाऱ्याला पाठवायचा नमुन्याचा व्हिडिओ, हे सगळं आता त्या एका काळ्या केबलवरून जातं.

पण मी ज्यात गुंतलो ते मशीन ओएलटी नव्हतं. ते एका पिवळ्या पेटीत होतं आणि ते वापरणाऱ्याला बाकीची पोरं ‘उस्ताद’ म्हणत होती. वय पन्नाशीच्या आतबाहेर. वडील मागावर होते, स्वतःही काही वर्षं मागावर काढलेली. पेटीतलं यंत्र म्हणजे स्प्लाइसर, तुटलेली काच वितळवून पुन्हा एकसंध करणारं.

काम सुरू करायच्या आधी त्याने दुकानाच्या ओट्यावर काळं कापड अंथरलं आणि झाकणाची एक छोटी बाटली जवळ घेतली. कापलेल्या काचेचे तुकडे त्या बाटलीतच जातात. केसाहून बारीक तो तुकडा बोटात घुसला तर दिसत नाही आणि सहज निघतही नाही. म्हणून कापडाजवळ चहा ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. मग केबल सोलली. फायबरवरचं रंगीत आवरण धरून तिची जाडी २५० मायक्रॉन, ते काढलं की आतली काच १२५ मायक्रॉन, आणि तिच्या गाभ्यात ज्यातून प्रकाश धावतो तो भाग अवघा ९ मायक्रॉन. उघडी काच त्याने अल्कोहोलने ओल्या केलेल्या कागदात धरून ओढली. बारीकसा ‘चीं’ आवाज आला. तो आवाज आला नाही तर काच साफ झालेली नसते, हे त्याने सांगितलं.

पुढचं काम क्लीव्हरचं. काच कापायची नसते, तिला ओरखडा देऊन मोडायची असते, आणि मोडलेला चेहरा सरळ हवा. एक अंश कललेला असला तरी यंत्र तक्रार करतं. दोन्ही टोकं यंत्राच्या खाचेत ठेवून झाकण लावलं की पडद्यावर ती दांड्यांसारखी मोठी दिसू लागतात. एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन कॅमेरे ती बघतात, बारीक मोटारी टोकं हलवून गाभ्यासमोर गाभा आणतात. मग दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी उडते, काच दीड हजार अंशांच्या वर तापते आणि टोकं एकजीव होतात. यंत्र स्वतःच सांधा किंचित ओढून बघतं आणि त्यात किती प्रकाश वाया जाईल त्याचा आकडा दाखवतं: ०.०१ डीबी.

“हा मशीनचा अंदाज,” उस्ताद म्हणाला. “खरं काय ते घरचा मीटर सांगणार.”

हे वाक्य समजायला हिशेब समजावा लागतो. ओएलटीपासून घरापर्यंत साधारण २८ डीबी खर्च करायची मुभा असते, म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा सहाशेतिसावा भाग पोचला तरी निभतं. त्यातले २१ डीबी दोन स्प्लिटर खातात. चार-पाच किलोमीटर काच दीड-दोन डीबी घेते. हातात उरतात पाच. एवढ्यातच सगळे सांधे, सगळे कनेक्टर, केबलला पडलेले सगळे मोड भागवायचे. घरी प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर उणे वीसच्या आसपास आकडा दिसला तर उस्ताद समाधानी. उणे सत्तावीसच्या खाली गेला की घरातल्या इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा लागतो आणि फोन सुरू होतात: “लाल लाइट लागली.”

आणि मालेगावात या पाच डीबींचा मोठा शत्रू आहे कापूस. मागाच्या गाळ्यात हवेत तंतू तरंगत असतात, ते खिडक्यांच्या जाळ्यांवर साचलेले दिसतात. कापसाच्या एका तंतूची रुंदी बारा ते वीस मायक्रॉन. म्हणजे एकच तंतू कनेक्टरच्या तोंडावर आडवा बसला तर संपूर्ण गाभा झाकला जातो. तसाच दाबून प्लग लावला तर काचेवर ओरखडा उमटतो आणि मग पुसून उपयोग होत नाही. उस्ताद गाळ्यात शिरला की आधी कनेक्टरची टोपी काढत नाही. सगळं जागेवर लावून घेतो, पुसण्याची काडी हातात घेतो, आणि मग टोपी काढून पुसून लगेच प्लग लावतो. मागांवर काम केलेल्या माणसाला हवेत काय असतं ते माहीत आहे. हे कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात मालेगावचं नाव घेऊन लिहिलेलं नसणार.

आता अडचणी. पहिली विजेची. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, घरात अंधार असला तरी तो वाजायचा. काचेतून वीज जात नाही. ओएलटीला बॅटऱ्या असल्या तरी गल्लीतली वीज गेली की घरचा डबा बंद, आणि ग्राहक भांडतो केबलवाल्याशी.

दुसरी खोदकामाची. खोदण्याआधी केबलमालकाला कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. गटारीसाठी जेसीबी लावणाऱ्या ठेकेदारापर्यंत ते पोचलेलं मला दिसलं नाही. त्यामुळे छोटे केबलवाले जमिनीखाली जायला धजत नाहीत आणि खांबावरच राहतात. तिथे लग्नाची मिरवणूक, उंच भरलेला ट्रक, खार, पतंगाचा मांजा, सगळेच केबलचे वैरी. रस्ते काँक्रीटचे होत असताना कडेने एक रिकामा पाइप टाकून तो सगळ्या केबलवाल्यांना भाड्याने द्यायला महापालिकेला फार खर्च येऊ नये. एकदा काँक्रीट पडलं की ही संधी पुढची वीस-तीस वर्षं येत नाही, म्हणून मला याची घाई वाटते.

तिसरी उपकरणांची. १५ जून २०२१ पासून परवानाधारक कंपन्यांना विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच नवी उपकरणं घ्यावी लागतात. नियमामागचं कारण पटण्यासारखं आहे. फायबर तर शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात स्टरलाइटच्या कारखान्यात बनते, ओएलटीही बंगळुरूची तेजस नेटवर्क्स बनवते. तरी शेकडो घरांच्या धंद्यावर चालणाऱ्याला जुना स्वस्त डबा बदलताना दोनदा विचार करावा लागतो. समोर मोठी कंपनी २०२० पासून महिना ३९९ रुपयांत अमर्याद इंटरनेट देत आहे.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती नकाशाची. कोणत्या खांबावरच्या जॉइंटमध्ये कोणती फायबर कोणत्या स्प्लिटरला गेली आहे, निळी कुठे, नारिंगी कुठे, दुरुस्तीच्या गडबडीत हिरवीला तपकिरी कुठे जोडली, हे सगळं उस्तादच्या डोक्यात आहे. तो आजारी पडला तेव्हा पोरांना एक कट शोधायला पूर्ण दिवस लागला, असं मालकाने सांगितलं. ओटीडीआर हे यंत्र प्रकाशाचा झोत पाठवून तुटण्याची जागा मीटरमध्ये सांगतं. मात्र केबलचे ते मीटर खांबाखांबावर गुंडाळून ठेवलेल्या वेटोळ्यांतून जातात, आणि कोणत्या खांबावर किती वेटोळी आहेत ते यंत्राला माहीत नसतं.

मालकाने आता एक पोरगा त्याच्यासोबत वही घेऊन फिरायला लावला आहे. प्रत्येक जॉइंट उघडला की आधी फोटो, मग रंगांची नोंद, मग वेटोळ्यांची मोजणी. काम संथ आहे, कारण दिवसभर कुठे ना कुठे लाल लाइट लागलेलीच असते आणि चालू जॉइंट केवळ नोंदीसाठी उघडणं धोक्याचं. शुक्रवारी माग बंद असतात, पण त्याच दिवशी घरोघरी सगळे सिनेमे बघत बसतात, म्हणून त्या दिवशी हात लावायचा नाही. मालेगाव कॅम्पाकडचा भाग वहीत आला आहे. मोसम नदीच्या पलीकडचा, जिथे माग जास्त आणि गल्ल्या अरुंद, तो अजून यायचा आहे.