दहा किलोवॅट आणि तीनशेचा वेग

ऑक्टोबर 2020. टाळेबंदीच्या तडाख्यातून पुणे जेमतेम सावरत होते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, पाच आसनांची एक सेडान चालवून दाखवण्यात आली. बाहेरून तिच्यात काहीच वेगळे नव्हते. आत मात्र इंजिनच नव्हते. टाकीत 350 बार दाबाखाली पावणेदोन किलो हायड्रोजन मावत होता. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज तयार होत होती आणि मागे उरत होते ते फक्त पाणी. देशी बनावटीच्या फ्युएल सेलवर धावलेली ही भारतातली पहिली मोटार. ताशी 60-65 किलोमीटरने गेली तर एका टाकीत साधारण 250 किलोमीटर पल्ला गाठेल, असा करणाऱ्यांचा हिशेब होता.

त्या सेलची ताकद होती 10 किलोवॅट. पुण्याच्याच बजाज पल्सर 150 ची ताकद जवळपास तेवढीच. मग तिथून ताशी 300 किलोमीटर धावणाऱ्या स्पोर्ट्स कारपर्यंत पोचायचे कसे? हा प्रश्न घेऊन मागे जात राहिले की एकच शत्रू पुन्हा पुन्हा समोर येतो: वजन.

फ्युएल सेलचा मूळ शोध फार जुना आहे. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात, हे ठाऊकच होते. वेल्समधल्या विल्यम ग्रोव्ह या वकिली शिकलेल्या शास्त्रज्ञाला उलटा प्रश्न पडला. हे दोन वायू पुन्हा एकत्र आणले तर वीज परत मिळेल का? 1839 च्या सुमारास प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर त्याला ती मिळाली. 1842 मध्ये त्याने असे अनेक घट ओळीने जोडले आणि त्यांच्या विजेने दुसऱ्या भांड्यातले पाणी फोडून दाखवले. पण वीज निघे ती क्षीण. पुढे ग्रोव्ह न्यायाधीश झाला आणि जगाने कोळसा-पेट्रोलची वाट धरली.

शंभर-सव्वाशे वर्षांनी या घटाची आठवण झाली ती अंतराळवीरांसाठी. ऑगस्ट 1965 मध्ये जेमिनी 5 यान पहिल्यांदाच फ्युएल सेल घेऊन वर गेले. उड्डाणाला काही तास होतात न होतात तोच ऑक्सिजनच्या टाकीतला हीटर बंद पडला आणि दाब झपाट्याने उतरू लागला. यानातली उपकरणे बंद करावी लागली, मोहीम आवरती घेण्याची भाषा सुरू झाली. पण इतक्या कमी दाबावरही सेल वीज देत राहतो असे जमिनीवरच्या चाचण्यांत दिसले आणि कूपर-कॉनरॅड ही अंतराळवीरांची जोडी आठ दिवस पुरे करूनच उतरली.

पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने हे तंत्र गाडीत बसवले. इलेक्ट्रोव्हॅन नावाच्या त्या व्हॅनमध्ये द्रवरूप हायड्रोजन, द्रवरूप ऑक्सिजन आणि नळ्यांचे असे जंजाळ होते की जागा उरली दोघांपुरती. वजन तीन टनांहून जास्त. ताशी शंभराच्या घरात जायला तिला अर्धा मिनिट लागे. सुरक्षेच्या काळजीने ती कंपनीच्या आवाराबाहेर काढलीच नाही.

आजच्या सेलमध्येही वजन येते कुठून? एका सेलमधून गाडी चालताना व्होल्टभरही दाब मिळत नाही, म्हणून शेकडो सेल एकावर एक रचावे लागतात. प्रत्येकात प्लॅटिनमचा मुलामा दिलेला एक पातळ पापुद्रा असतो. तो हायड्रोजनचे प्रोटॉन पलीकडे जाऊ देतो आणि इलेक्ट्रॉनना अडवतो. अडवलेले इलेक्ट्रॉन तारेतून वळसा घेतात, तीच आपली वीज. दोन सेलच्या मध्ये एक पाटी लागते. ती ग्रॅफाइटची केली तर जाड, ठिसूळ, जड. धातूची केली तर आतल्या आम्लाने झिजायचा धोका.

हा पेच सोडवायला 2016 मध्ये एनसीएल, तमिळनाडूतल्या कराईकुडीची सीईसीआरआय ही संस्था आणि पुण्याची केपीआयटी कंपनी एकत्र आल्या. पापुद्रा आणि इलेक्ट्रोड यांचे ज्ञान सरकारी प्रयोगशाळांचे, रचना, सॉफ्टवेअर आणि पाट्या केपीआयटीच्या. धातूच्या अतिशय पातळ पाट्या वापरून त्यांनी सेलच्या थप्पीचे वजन सुमारे दोन तृतीयांशाने उतरवले. माझ्या मते या कथेतला खरा शोध हाच, पण बातमीत झळकली ती ‘पहिली गाडी’! त्याच तंत्रावरची बस ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात लोकांसमोर आली.

आता वेगाचे बघू. हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग 60 वरून 120 वर नेला की आठपट, 240 वर नेला की चौसष्टपट. हे गणित पेलायचे तर सगळा भार एकट्या सेलवर टाकून भागत नाही. 2022 मध्ये ह्युंदाईने दाखवलेल्या ‘एन व्हिजन 74’ या प्रायोगिक गाडीची एकूण ताकद 500 किलोवॅटहून जास्त, पण तिच्यातला फ्युएल सेल फक्त 85 किलोवॅटचा. उरलेला जोर 62.4 किलोवॅट-तासांच्या बॅटरीचा. सेल संथपणे वीज पुरवत राहतो, झेप बॅटरी घेते. त्याआधी 2016 च्या जिनिव्हा प्रदर्शनात इटलीच्या पिनिनफारिनाने ‘एच टू स्पीड’ मांडली होती. ताशी 300 किलोमीटर वेग आणि तीन मिनिटांत इंधन भरून तयार, असा तिचा दावा. पिनिनफारिना त्याच सुमारास महिंद्रांकडे आली, म्हणून या स्वप्नाचा एक धागा मुंबईपर्यंत पोचतो.

अशी गाडी पुण्यातल्या आमच्या वाघोलीत आणली तर? इथे दगडखाणी आहेत, खडीमशिनी आहेत, नगर रस्त्यावर डंपरची रांग आहे. फ्युएल सेल हवा ओढून घेतो आणि डिझेलच्या धुरातले गंधकाचे वायू प्लॅटिनमला निकामी करतात. तेव्हा आधी भक्कम गाळणी हवी. त्याहून अवघड दुखणे उष्णतेचे. पेट्रोल इंजिनाची बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. सेल चालतो 65 ते 75 अंशांवर, आणि त्याची जवळपास सगळी उष्णता रेडिएटरनेच बाहेर काढावी लागते. मे महिन्यात हवाच 40 अंशांवर गेली की फरक उरतो तिसेक अंशांचा. मग रेडिएटर मोठा, त्यासाठी गाडीचे तोंड रुंद, म्हणजे हवेचा विरोध पुन्हा वाढला. शर्यतीच्या जगात टोयोटासारख्या कंपन्या हायड्रोजन थेट इंजिनातच जाळून पाहत आहेत, त्यामागे हेही एक कारण असावे. शिवाय शौकिनांना इंजिनाचा आवाज लागतो, आणि सेल जवळपास मुका.

म्हणून फ्युएल सेलची स्पोर्ट्स कार आली तरी ती बॅटरीचा हात धरूनच येईल, आणि आधी शर्यतीच्या मैदानावर, मोजक्या श्रीमंतांसाठी. या तंत्राची खरी जागा लांब पल्ल्याच्या जड वाहनांत आहे. तिथे टनावारी बॅटरी वाहण्यापेक्षा टाकीत हायड्रोजन भरणे परवडते आणि अचानक झेप घ्यायची घाई नसते. मार्च 2025 मध्ये टाटा मोटर्सने हायड्रोजनवरच्या मालट्रकच्या चाचण्या सुरू केल्या. काही ट्रक फ्युएल सेलचे, काही हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाचे. चाचणीसाठी निवडलेल्या भागांत पुण्याचेही नाव आहे.