बंद खाणीतील पाण्याचा अडसर

बंगळूरुच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. १८८० च्या सुमारास जॉन टेलर आणि सन्स या ब्रिटिश कंपनीने तेथे काम हाती घेतले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ते थांबले. त्या वेळेपर्यंत चँपियन रीफ ही खाण तीन किलोमीटरांहूनही खोल गेली होती. खाण चालू असते तोवर पंप अहोरात्र पाणी उपसत असतात. ते बंद पडले की खडकाच्या भेगांतून झिरपणारे पाणी तळापासून वर चढू लागते आणि कालांतराने बोगद्यांमागून बोगदे भरून जातात. कोलारला हेच घडले.

अशा साठ्याशेजारी दुसरी खाण चालू असेल, तर धोका फार मोठा असतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसाखाणीत, सोडून दिलेल्या जुन्या भागातील पाणी मधला आडोसा फोडून आत घुसले आणि सुमारे ३७५ कामगार प्राणांस मुकले. पाण्याने भरलेला बोगदा काँक्रीटच्या अडसराने बंद करण्याचे तंत्र अशाच संकटांच्या निवारणासाठी विकसित झाले आहे. अभियंते या अडसराला 'प्लग', म्हणजे बूच, म्हणतात. हा शब्द चपखल आहे. कारण तो भिंतीसारखा पातळ नसून बाटलीच्या बुचासारखा बोगद्यात लांबवर घट्ट बसलेला असतो.

पाण्याचा दाब साठ्याच्या विस्तारावर नव्हे, तर उंचीवर अवलंबून असतो. दर दहा मीटर उंचीमागे तो चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅमने वाढतो. अडीच मीटर रुंद आणि तितक्याच उंच बोगद्यामागे ३०० मीटर उंचीचा स्तंभ उभा आहे असे धरू. मग प्रत्येक चौरस मीटरवर ३०० टन, म्हणजे एकूण १,८७५ टन एवढा जोर बुचावर येईल. हा जोर बूच आपल्या चारही बाजूंच्या खडकाला चिकटून पेलते. त्या पृष्ठभागाने चौरस मीटरला ६० टन सुरक्षितपणे पेलावे असे ठरवले, तर सुमारे सव्वातीन मीटर लांबी पुरेशी ठरते.

प्रत्यक्षात मात्र एवढ्याने भागत नाही. काँक्रीट सहसा फुटत नाही. पाणी त्याला वळसा घालून खडकातून वाट काढते. सुरुंगांनी बोगद्याभोवतीचा खडक आधीच तडकलेला असतो. वाट जितकी लांब तितकी गळती कमी, म्हणून भेगाळ खडकात बुचाची लांबी हिशेबाच्या कित्येक पट ठेवावी लागते. जागेची निवड हीच खरी कसोटी असते. सुट्या कपच्या काढून खडक धुतला जातो. त्याचा खडबडीतपणा मात्र हवाच, कारण त्यामुळे पकड येते. काँक्रीट थंड होताना आकसते आणि छताशी बारीक फट राहते. ती फट व भोवतालच्या भेगा सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरून बुजवतात. गंधकयुक्त खनिजांमुळे पाणी आम्लधर्मी झाले असेल, तर सिमेंटही त्याला टिकणारे निवडावे लागते.

वाहते पाणी अडवायचे असेल तर? तेव्हा बुचातून नळ ठेवतात. काँक्रीट घट्ट होईपर्यंत पाणी नळांतून वाहते आणि मग झडपा बंद करतात. ऑक्टोबर १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वेस्ट ड्रिफोंटेन या सोन्याच्या खाणीत प्रचंड पूर आला. सर्व कामगार सुखरूप वर आले आणि चार आठवड्यांच्या आत अशाच बुचांनी तो पूर रोखला गेला.

पण अडलेले पाणी नाहीसे होत नाही. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात सनीसाइड खाणीचा निचरा करणाऱ्या बोगद्यात १९९६ पासून बुचे बसवली गेली. त्यानंतर आसपासच्या जुन्या खाणींतून वाहणारे पाणी वाढले. त्यांपैकीच गोल्ड किंग खाणीच्या बुजलेल्या तोंडाशी ५ ऑगस्ट २०१५ रोजी खोदकाम चालू असताना सुमारे १ कोटी १० लाख लिटर दूषित पाणी उसळून बाहेर आले आणि अ‍ॅनिमास नदी पिवळी झाली. म्हणून बूच बसवण्यापूर्वी शेजारच्या सर्व खाणींचे जुने नकाशे तपासावे लागतात. बुचामागील दाब मापकावर पुढेही नियमितपणे नोंदवला जातो आणि जवळच्या कूपकांतील पाण्याच्या पातळीशी ताडून पाहिला जातो.