कोल्ड्रिंक, दारू आणि यकृत

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असं आलं की दारूला कधी न शिवलेला माणूस हादरतो. डॉक्टरांनी पिण्याबद्दल नुसतं विचारलं तरी घरच्यांना लागतं. रोज दुपारच्या कोल्ड्रिंकचा विषय मात्र कुणी काढत नाही. तो काढायला हवा.

नेहमीच्या कोलात १०० मिलीलिटरमागे १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलीलिटरच्या कॅनमध्ये तीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आतड्यात या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ग्लुकोज सगळ्या शरीराला चालतं. फ्रुक्टोजचा भार मात्र मुख्यतः यकृतावर येतो आणि जास्तीच्या फ्रुक्टोजची तिथे चरबी बनते. फळातलं फ्रुक्टोज चोथ्याबरोबर सावकाश येतं, इथे लोंढा येतो. शिवाय पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे पुढच्या जेवणात एक घासही कमी होत नाही. दातांची झीज होते ती वेगळीच.

आता दारू. व्हिस्कीच्या ६० मिलीलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटवतं, म्हणजे एका पेगला दोन तास तरी हवेतच. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनीही हिशेब करावा: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीलिटरच्या बाटलीत दोन लार्ज पेगइतकं अल्कोहोल असतं. यकृत त्यात गुंतलं की चरबी जाळायचं काम मागे पडतं आणि ती साठत जाते.

इथवर दोघांची वाट एकच. पुढे दारू फार लांब जाते. अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन या सगळ्यांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध सिद्ध झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच तिला पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात टाकलं. मेंदूवरचा परिणाम आणि व्यसन आहेच. म्हणून ‘दारूपेक्षा कोल्ड्रिंक वाईट’ हे वाक्य मला धोकादायक वाटतं. व्हिस्कीत कोला मिसळणारा तर दोन्ही ओझी एकदमच यकृतावर टाकतो.

मधुमेह्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. उपाशीपोटी यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडतं. अल्कोहोल ते काम अडवतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि पिऊन न जेवता झोपलं, तर रात्रीतून साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. घाम, बरळणं, झोक जाणं ही लक्षणं नशेसारखीच दिसतात, म्हणून ‘चढलीय, झोपू दे’ म्हणत घरचे सोडून देतात. अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर तपासा. कमी असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या. नीट गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

सोडण्यातही फरक आहे. कोल्ड्रिंक आजच्या आज बंद करता येतं, फार तर कॅफिनपायी काही दिवस डोकं दुखेल. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.