वाय-फाय मृतक्षेत्र

वाय-फाय मृतक्षेत्र म्हणजे घरातील किंवा इमारतीतील अशी जागा, जिथे राउटर चालू असूनही त्याचा रेडिओ-संकेत पोहोचत नाही, किंवा इतका क्षीण होऊन पोहोचतो की त्यावर संदेशवहन नीट होऊ शकत नाही. बोलीत या जागेला ‘रेंज नसलेली खोली’ किंवा ‘नेट न पकडणारा कोपरा’ म्हणतात. विद्यार्थ्याचा ऑनलाइन तास, परीक्षेचा अर्ज, घरून चालणारे कार्यालयीन काम या सर्वांवर मृतक्षेत्राचा थेट परिणाम होतो. ज्या घरांत आतील खोल्यांपर्यंत मोबाइलचा संकेत पोहोचत नाही, तिथे दूरध्वनीही ‘वाय-फाय कॉलिंग’वर अवलंबून असतो. अशा घरात आजारी माणसाची खोली मृतक्षेत्रात असली, तर प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

बहुतांश मृतक्षेत्रे राउटर दुबळा असल्यामुळे नव्हे, तर तो ठेवलेल्या जागेमुळे आणि मधल्या भिंतींमुळे निर्माण होतात. म्हणून नवे उपकरण विकत घेणे हा या दोषावरचा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. प्रत्यक्षात मात्र हा क्रम बहुधा उलटा लावला जातो.

मृतक्षेत्र आणि मंद इंटरनेट

या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट घरात फायबरच्या तारेने येते आणि राउटर ते घरातल्या घरात रेडिओलहरींनी वाटतो. राउटरपासून दोन-तीन मीटरवर उभे राहून वेग मोजावा, शक्य असल्यास संगणक तारेने जोडून मोजावा. तिथेही वेग अपुरा असेल, तर दोष सेवेचा, योजनेचा किंवा राउटरचा आहे, आणि घरभर यंत्रे बसवूनही तो जाणार नाही. राउटरजवळ वेग चांगला आणि एखाद्या खोलीत वाईट असेल, तरच ते मृतक्षेत्र ठरते.

कारणे

घरगुती वाय-फाय मुख्यतः २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन वारंवारता पट्ट्यांत चालते. भारतात पहिला पट्टा २००५ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला, तर ५ गिगाहर्ट्झमधील विस्तृत भाग २०१८ मध्ये खुला करण्यात आला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६ सेंटिमीटर असते. कमी वारंवारतेचा संकेत भिंतींतून तुलनेने अधिक आत शिरतो, पण त्याचा वेग मर्यादित असतो. जास्त वारंवारतेचा संकेत वेगवान असतो, मात्र भिंतींपुढे लवकर हार मानतो.

संकेताची घट डेसिबल या एककात मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी होणे, १० डेसिबल म्हणजे एकदशांश आणि २० डेसिबल म्हणजे एकशतांश होणे. घटीचे डेसिबल भिंतीगणिक मिळवत जावे लागतात. एका भिंतीने शक्ती एकदशांश केली, तर तशाच दुसऱ्या भिंतीपलीकडे ती एकशतांश उरते. त्यामुळे पहिल्या खोलीत उत्तम चालणारे वाय-फाय तिसऱ्या खोलीत एकाएकी संपल्यासारखे वाटते.

प्लायवुड किंवा जिप्समच्या आडभिंतीने संकेत थोडासाच घटतो. विटेच्या भिंतीने त्याहून बराच अधिक, आणि सळया असलेल्या काँक्रीटने सर्वांत अधिक घटतो. महाराष्ट्र व गोव्यातील घरांचे प्रकार पाहिले की हा फरक स्पष्ट होतो. शहरी सदनिकेत खांब, तुळया आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतींमागे छाया पडते. कोकण-गोव्यातील जांभ्या दगडाच्या आणि जुन्या वाड्यांतील दगड-मातीच्या भिंती इतक्या जाड असतात की एकच भिंत ओलांडताना ५ गिगाहर्ट्झचा संकेत जवळजवळ संपतो. पावसाळ्यात भिंतींत ओल मुरली की घट आणखी वाढते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. दुमजली बंगल्यात मधला स्लॅब हाच मुख्य अडथळा असतो. चाळीतील किंवा खेड्यातील पत्र्याच्या आडोशातून तर संकेत जातच नाही, तो परावर्तित होतो. उघड्या दारा-खिडक्यांतून वळसा घालून जेवढा येईल तेवढाच.

घरातील सामानही दुर्लक्षण्याजोगे नाही. लोखंडी कपाट, शीतकपाट, मोठा आरसा (त्याच्या मागे धातूचा मुलामा असतो), पाण्याची टाकी आणि मत्स्यपेटी यांच्यामागे हमखास छाया पडते. मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालत असल्याने तो सुरू असेपर्यंत जवळपासचा २.४ गिगाहर्ट्झचा संकेत विस्कळीत होतो.

काही मृतक्षेत्रे अगदी चिमुकली असतात. थेट आलेली लहर आणि भिंतीवरून परावर्तित झालेली लहर काही बिंदूंवर एकमेकींना मारक ठरतात. असे बिंदू तरंगलांबीच्या अर्ध्या अंतरावर, म्हणजे काही सेंटिमीटरांवरच बदलतात. फोन टेबलाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकवताच चालू लागतो तो यामुळे. २००९ मध्ये आलेल्या ८०२.११एन मानकापासून एकाच यंत्रात अनेक अँटेना वापरण्याची पद्धत रूढ झाली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला.

मोजणी

उपायाआधी घराचा नकाशा काढणे हिताचे असते. कागदावर खोल्यांचा कच्चा आराखडा काढून प्रत्येक खोलीत संकेताची पातळी नोंदवावी. अँड्रॉइड फोनवर त्यासाठी ‘वाय-फाय ॲनालायझर’ प्रकारची अनेक मोफत ॲप मिळतात. आयफोनवर ॲपलच्याच ‘एअरपोर्ट युटिलिटी’ या ॲपमध्ये ही सोय आहे, परंतु ती सेटिंगमधून सुरू करावी लागते. पातळी डीबीएममध्ये ऋण आकड्यांत दिसते, आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका संकेत सबळ. −५० च्या आसपास उत्तम, −६७ पर्यंत दृक्-श्राव्य संभाषणास पुरेसा, −७० च्या खाली डळमळीत आणि −८० च्या खाली जवळपास निरुपयोगी, असा ठोकताळा वापरला जातो. दोन्ही पट्ट्यांची नोंद वेगवेगळी घ्यावी. नोंदी घेताना दारे नेहमी असतात तशीच, उघडी किंवा बंद, ठेवावीत. फोनवरच्या तीन-चार कमानींवर विसंबून राहू नये. कितीला किती कमानी दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते.

राउटरची जागा

फायबर बहुधा मुख्य दारातून किंवा बाल्कनीतून आत येते आणि जोडणी करणारा कर्मचारी तिथेच जवळच्या विजेच्या बोर्डाशेजारी पेटी ठोकून जातो. परिणामी राउटर घराच्या एका टोकाला, कधी चपलांच्या कपाटात, कधी दूरचित्रवाणीच्या मागे, तर कधी माळ्यावर जाऊन बसतो. त्याचा निम्मा संकेत जिन्याला आणि शेजाऱ्यांना मिळतो. तो दिसायला बरा दिसत नाही म्हणून कपाटात बंद करणे ही सर्वांत सामान्य चूक होय.

राउटर घराच्या शक्य तितक्या मध्यभागी, छातीच्या ते डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी आणि धातूपासून दूर असावा. पेटी दारातच ठेवावी लागत असेल, तर तिथून एक लांब लॅन केबल मधल्या खोलीपर्यंत नेऊन राउटर तिकडे बसवता येतो. पेटी आणि राउटर एकाच यंत्रात असतील, तर सेवा देणाऱ्याकडून फायबरच वाढवून घ्यावे लागते. फायबरची तार स्वतः ओढू नये. तीव्र वळण दिल्यास आतील काच तडकते.

बाहेरच्या दांडीसारख्या अँटेनातून संकेत दांडीच्या टोकाकडे नव्हे, तर तिच्या भोवताली पसरतो. उभी अँटेना त्याच मजल्यावर चांगली पोहोचते. वरच्या मजल्यासाठी एखादी अँटेना आडवी करून पाहण्यासारखे असते. ‘राउटरची शक्ती वाढवा’ हा सल्ला फारसा उपयोगी नाही. संभाषण दुतर्फा असते आणि फोनचा प्रेषक राउटरहून दुबळा असतो. राउटरचा आवाज फोनला ऐकू आला, तरी फोनचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचावे लागते.

दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या राउटरांचीही गर्दी असते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ या तीनच. त्यांतील कमी गर्दीची निवडावी. ५ गिगाहर्ट्झमध्ये वाहिन्या अधिक असल्याने राउटरच्या खोलीत आणि लगतच्या खोलीत तो पट्टा वापरावा व लांबच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झ राखावा.

तारेने जोडलेला ॲक्सेस पॉइंट

जागा बदलूनही एखादी खोली कोरडीच राहिली, तर तिच्यापर्यंत लॅन केबल नेऊन तिथे दुसरे वाय-फाय केंद्र, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, बसवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. कॅट ५ई दर्जाची केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते. भिंती फोडाव्या लागतील या भीतीने हा पर्याय अनेकदा विचारातच घेतला जात नाही. पण जुन्या इमारतींत दूरध्वनीसाठी किंवा केबल टीव्हीसाठी टाकलेली नळी आता रिकामी पडलेली असते आणि तिच्यातून केबल ओढता येते. विजेच्या तारांच्या नळीतून मात्र ती नेऊ नये. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. तिच्यातील चारही जोड्या नीट जोडलेल्या नसतील, तर वेग १०० मेगाबिटवर अडकतो.

घरात पडून असलेला जुना राउटर या कामी वापरता येतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ हा प्रकार निवडावा. तो नसेल, तर पत्ते वाटण्याचे काम (डीएचसीपी) बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवावा आणि केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ छिद्रात लावावी. तसे न केल्यास घरात दोन स्वतंत्र जाळी तयार होतात आणि एका खोलीतील संगणकाला दुसऱ्या खोलीतील प्रिंटर सापडत नाही.

रिपीटर

रिपीटर किंवा एक्स्टेंडर हे यंत्र राउटरचा संकेत ऐकून तोच पुढे पाठवते. किंमत कमी आणि बसवणे सोपे असल्याने ते लोकप्रिय आहे. मात्र एकच रेडिओ असलेल्या रिपीटरला ऐकणे आणि बोलणे आळीपाळीने करावे लागते, त्यामुळे वेग सुमारे निम्म्यावर येतो. शिवाय तो बहुधा मृतक्षेत्रातच लावला जातो. जिथे संकेतच नाही तिथे पुढे पाठवायला काहीच नसते. फोनवर कमानी पूर्ण दिसतात, पण पान उघडत नाही, ही तक्रार तिथूनच उद्भवते. रिपीटरची योग्य जागा राउटर आणि मृतक्षेत्र यांच्या दरम्यान, संकेत अजून चांगला असलेल्या ठिकाणी असते. अधूनमधून वापरात येणाऱ्या एखाद्या खोलीसाठी तो पुरेसा आहे.

मेश प्रणाली

मेश प्रणालीत दोन किंवा अधिक केंद्रे एकाच नावाने व एकाच सांकेतिक शब्दाने मिळून एक जाळे चालवतात. अशा जाळ्यांचा नियम सांगणारी ८०२.११एस ही मानकदुरुस्ती २०११ मध्ये आली, पण सामान्य घरांत ही कल्पना २०१६ पासून रुजली. ईरो, नेटगिअरची ऑर्बी आणि गूगल वायफाय या प्रणाली त्याच वर्षी बाजारात आल्या. निरनिराळ्या कंपन्यांची केंद्रे एकत्र नांदावीत म्हणून वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये ‘ईझीमेश’ प्रमाणन सुरू केले. तरीही सर्व केंद्रे एकाच मालिकेतील घेणे व्यवहारात सोयीचे ठरते.

मेशचे यशापयश केंद्रांमधील आपसातील दुव्यावर ठरते. हा दुवा बिनतारी असेल, तर रिपीटरचेच नियम त्यालाही लागू होतात, मग यंत्र कितीही महाग असो. आपसातील संभाषणासाठी तिसरा, स्वतंत्र रेडिओ असलेल्या प्रणालीत वेगाची घट कमी होते. केंद्रे तारेने जोडली, तर ती जवळजवळ होतच नाही. तीन केंद्रे असतील, तर एकापुढे एक अशी साखळी न करता मुख्य केंद्र मधे आणि उरलेली दोन त्याच्या दोन बाजूंना ठेवावीत. दुमजली घरात दुसरे केंद्र जिन्याच्या मोकळ्या जागेजवळ ठेवल्यास संकेताला स्लॅब भेदावा लागत नाही.

खोक्यावर छापलेल्या चौरस फुटांवर भिस्त ठेवू नये. लाकडी चौकटीच्या, हलक्या आडभिंतींच्या घरांत तो आकडा जितका खरा ठरतो, तितका वीट-काँक्रीटच्या घरांत ठरत नाही. उलट दोन खोल्यांच्या सदनिकेत तीन केंद्रे लावणेही अहितकारक. कोणत्या केंद्राला जोडून राहायचे हा निर्णय अखेर फोन घेतो, आणि काही फोन लांबच्या दुबळ्या केंद्राला चिकटूनच राहतात. ८०२.११के, व्ही आणि आर या दुरुस्त्या फोनला योग्य केंद्राकडे वळण्यास मदत करतात. परंतु त्या फोनमध्येही असाव्या लागतात.

वीजपुरवठा

भारनियमन असलेल्या गावांत एक बाब खरेदीपूर्वीच तपासावी लागते. मेशचे प्रत्येक केंद्र आणि प्रत्येक रिपीटर स्वतंत्र विजेवर चालतो. फायबरची पेटी इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि वरच्या मजल्यावरचे केंद्र साध्या लाइनवर असेल, तर वीज जाताच वरचा मजला पुन्हा मृतक्षेत्र होतो. अशा ठिकाणी केंद्रासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वापरतात. त्याचे व्होल्ट आणि अँपिअर केंद्राच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या आकड्यांशी जुळवून घ्यावे लागतात. तारेने जोडलेला ॲक्सेस पॉइंट लॅन केबलमधूनच वीज घेणारा असेल, तर मुख्य पेटीजवळ ठेवलेला एकच यूपीएस दोन्ही यंत्रांना पुरू शकतो.